जोडातले करवतीचे चरे

नव्या वेल्डिंग मशीनने मारलेला जोड जुन्या मशीनच्या जोडापेक्षा अधिक पक्का असतो का, एवढाच प्रश्न मला तपासायचा होता. प्रश्न साधा आहे आणि उत्तर मिळवण्याची रीतही साधी आहे. एकाच लोखंडी पट्टीचे चार तुकडे घ्यावेत, दोन जुन्या मशीनवर जोडावेत, दोन नव्यावर, आणि दोन्ही जोड व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून वाकवून पाहावेत. हा प्रयोग मी केला. फक्त त्याची वेळ चुकली. जो आधी करायचा तो मी नंतर केला, आणि दरम्यान दूध सोसायटीच्या छावणीत पाण्याच्या टाकीचा स्टँड माझ्या हातून तयार होऊन उभा राहिला होता. पुढे जे घडले ते गावात सर्वांना ठाऊक आहे. लिहिण्याचे कारण एवढेच की वेल्डिंगचा छंद असलेल्या आणि जुने मशीन काढून नवे घेऊ पाहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग व्हावा.

वेल्डिंग हा माझा धंदा नव्हे. केज तालुक्यातल्या आमच्या गावी मी शिक्षक होतो आणि शाळेची मोडकी बाके दुरुस्त करता करता हा नाद लागला. एक सहकारी सूतगिरणी बंद पडली तेव्हा तिच्या वर्कशॉपमधले तेलाचे मशीन ओळखीच्या फिटरने माझ्या अंगणात आणून उतरवले. तेलाचे म्हणजे आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि ती थंड राहावी म्हणून भोवती तेल. धान्याच्या कोठीएवढा आकार, आणि चाके असूनही ढकलायला दोन माणसे लागत. वर एक हँडल होते. ते फिरवले की करंट कमीजास्त होई आणि बाजूच्या पट्टीवर काटा सरके. त्या काट्यावर मात्र विसंबता येत नसे, कारण आमच्याकडे व्होल्टेज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे. मी हँडल जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेले ठेवी. ठिणग्या फार उडत, जोड ओबडधोबड होई, पण होई.

वेल्डिंगचा रॉड, म्हणजे वितळून जोडात भरणारी कांडी, लोखंडाला टेकवला की मशीन घुमू लागे आणि साऱ्या गल्लीतले दिवे मंद होत. समोरच्या घरात एक मावशी राहतात. तरुणपणापासून त्या ऊसतोडीला जात असत. आता मुले आणि सुना जातात, आणि मावशी दोन म्हशी सांभाळत घरी असतात. दिवे मंद झाले की त्यांचा आवाज येई.

"कावून छळता ओ गुरुजी? टीव्हीतली माणसं बुटकी व्हायलीत."

"दोनच जोड राहिलेत, मावशी."

"कालबी दोनच राहिलते."

मग मी मशीन बंद करीत असे. माझा छंद साऱ्या गल्लीला सोसावा लागतो ही जाणीव मला सुखाची नव्हती, आणि नवे मशीन घेण्याचे ते पहिले कारण होते. दुसरे कारण मोठेपणाचे नाही. माझा जोड दिसायला वाईट असे. आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांत रेघेवर बसलेले, सारख्या उंचीचे अक्षर मागत आलो होतो. आणि माझ्या स्वतःच्या हातचा जोड पाहिला की वाटे, ही वही तपासायला आली असती तर मी लाल शाईने भरून टाकली असती.

नवे मशीन इन्व्हर्टर जातीचे, म्हणजे आत जड गुंडाळी आणि तेलाऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट. खांद्याला अडकवून नेता येईल असे, शाळेच्या दप्तराहून थोडे मोठे. पुढच्या बाजूला एक बटण फिरवायचे आणि त्याच्यावर करंटचा आकडा उजळायचा. व्होल्टेज थोडेफार घसरले तरी आकडा सांगेल तेवढा करंट ते देते. पहिल्या दिवशी मी जुन्या काट्याच्या सवयीने आकडा वर चढवला आणि बाकाच्या पातळ पाइपला बोटभर भोक पडले. मग आकडा कमी करत करत अशा जागी आणला की पाइप जळेना आणि जोडाची रेघ बारीक, उंच, एकसारखी उमटू लागली. ठिणग्याही थोड्या. मी तोंडापुढची काळी काच वर करून त्या रेघेकडे किती तरी वेळ पाहत बसलो.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मशीन बिघडलं का काय, गुरुजी? उजेड पडायलाय, पण लाईट हालंना."

"नवे आहे, मावशी."

"मग बरं हाय. आता कितीबी जाळा."

इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी, कारण सारे त्यावरच फिरले. जुन्या मशीनवर करंट कमी पडला की रॉड लोखंडाला चिकटून बसे. तो हिसडून सोडवावा लागे आणि हाताला कळे की उष्णता अपुरी आहे. नव्या मशीनमध्ये रॉड चिकटू नये अशी सोय आहे. रॉड टेकवताक्षणी ते स्वतःच थोडा जादा करंट देते आणि सुरुवात सुरळीत होते. म्हणजे जुने मशीन ज्या चुकीसाठी मला अडवत असे, त्याच चुकीतून नवे मशीन मला अलगद पुढे नेत होते. पातळ पाइपसाठी पुरेसा असलेला तो आकडा मी मग बदललाच नाही. बटणाला हात लावायची गरज उरली नाही, याचेच मला समाधान वाटत होते.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. विहिरी आटल्या, मांजरा धरणाच्या पोटात भेगा दिसू लागल्या, आणि दूध सोसायटीचे संकलन इतके घटले की सकाळी कॅन भरेपर्यंत गाडी थांबून राही. जनावरे विकली गेली तर सोसायटीच उरणार नाही, म्हणून संचालकांनी गावाबाहेरच्या माळावर छावणी उघडली. चारा सोसायटीचा, पाणी टँकरचे. टँकर दिवसाआड येई, तोही नेमाने नाही. पाणी साठवायला एक मोठी काळी टाकी आणली होती. ती डोक्याएवढ्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवली तर नळीने पाणी थेट हौदात उतरणार होते.

सोसायटीचा सचिव माझा विद्यार्थी. तो घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, स्टँड तुमच्याच हातचा पाहिजे. जुन्या शेडचे अँगल पडलेत, तेवढे जोडून द्या."

"केजला एखाद्याकडे दिला असता तर लवकर झाला असता."

"त्येंच्या कामावर उभं राहावं लागतं, गुरुजी. तुमचं म्हंजी बघायचं कामच न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा आनंदाने ऐकले. ते ज्या रिवाजाच्या विरुद्ध होते तोही सांगतो. आमच्या भागात टोळ्या ऊसतोडीला निघण्यापूर्वी टायरगाड्यांची डागडुजी होते. मांजरसुंब्याच्या फाट्यापासून गावोगावच्या वेल्डिंगच्या टपऱ्यांसमोर गाड्या लागतात. जोड मारून गार झाला की गाडीत बसणारे माणूस, बहुधा बाईच, हातोडा घेऊन त्यावर घाव घालते. लेकरे, भांडी आणि सारा संसार त्या गाडीवर लादायचा असतो. वेल्डिंगवाला रागावत नाही. तोच हातोडा काढून पुढे करतो. माझ्या कामावर मात्र कधी कुणी हातोडा उचलला नव्हता. मी दिलेले बाक घ्यायचे आणि वर नमस्कार करायचा, अशीच रीत पडली होती.

स्टँड मी अंगणातच केला. अँगल जाड होते, बाकाच्या पाइपाच्या दुपटीहून जाड. आकडा तोच. जोड सुरेख उमटले. तेवढ्यावर समाधान न मानता मी ग्राइंडर फिरवून प्रत्येक जोड घासून सपाट केला आणि वर चंदेरी रंग दिला. जोड कुठे आहे हेच दिसेना. संचालक मंडळाने टाकीला हार घातला, नारळ फोडला, आणि टँकरचे पाणी वर चढले. मावशींच्या दोन्ही म्हशी त्या स्टँडच्या अगदी पायाशी बांधलेल्या होत्या, कारण तिथे सावली पडत असे.

यानंतर मी तो प्रयोग केला, आणि तोही जुन्या मशीनला निरोप देण्यापूर्वीची हौस म्हणून. हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, पट्टी कापली, तुकडे जोडले, गार होऊ दिले. जुन्या मशीनचा जोड मी व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवला. तो वाकला, पार दुमडला, पण तुटला नाही. मग नव्याचा धरला. दुसऱ्याच घावाला तो बिस्किटासारखा उकलला. मी तुटलेला तुकडा उजेडात धरला. पट्टीच्या कडेवर हॅकसॉचे चरे जसेच्या तसे होते. बारीक, समांतर, चकचकीत. म्हणजे ती कड वितळलीच नव्हती. वितळलेला रॉड तिच्यावर नुसता बसला होता, भिंतीवर शेण थापावे तसा.

आणि मला स्टँड आठवला. तोच आकडा, त्याहून जाड लोखंड. वर जे काही थोडे धरले होते तेही मी सुंदर दिसावे म्हणून ग्राइंडरने काढून टाकले होते.

मी लगेच छावणीत गेलो. पण सांगितले नाही. ही या हकिकतीतली सर्वांत अवघड जागा आहे. मी पोचलो तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली होती. सचिवाने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि शेजारच्या गावाहून छावणी पाहायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाला, "हे आमचे गुरुजी. स्टँड बघा, कुठं जोड दिसतोय का?" पाहुण्यांनी स्टँडवरून हात फिरवला. मी चहा प्यालो. मनात हिशेब मांडत राहिलो की भार तर सरळ खाली येतो, पाय सरळ आहेत, तिरक्या पट्ट्यांवर फारसा ताण नाही, आज वारा नाही. गणित चूक नव्हते. पण म्हैस अंग खाजवायला स्टँडच्या पायाला घासते, हे त्यात धरलेले नव्हते, आणि ते मला समोर दिसत होते. मी उठलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुटलेला तुकडा खिशात घालून पुन्हा गेलो. टाकी निम्मी होती. सचिवाला बाजूला घेऊन तुकडा दाखवला आणि म्हणालो, "स्टँडचे जोड असेच आहेत. टाकी रिकामी करून खाली उतरवावी लागेल."

त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "गुरुजी, एवढं न्हाई हो. उभा हाय की चांगला."

"उभा आहे. किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "मग असं करू. दोन-दोन बोल्ट मारू बाजूनं. कुणाला कळायची गरज न्हाई. तुमचं नाव कावून घालवायचं?"

त्याने माझ्या भल्यासाठीच ते म्हटले. पण त्या क्षणी मला कळले की माझे नाव आणि म्हशींची पाठ यांतून निवड करायची झाली तर गाव माझे नाव वाचवील, आणि ते मी वर्षानुवर्षे शिकवलेले आहे. इतकी लाज मला तुटलेल्या पट्टीने वाटली नव्हती.

"हातोडा आण," मी म्हणालो. "पाणी उतरल्यावर तू स्वतः ठोक."

"मी न्हाई, गुरुजी. तुमच्या कामावर मी न्हाई हातोडा घालणार."

आमचे बोलणे मावशींनी ऐकले होते. त्या म्हशीजवळून उठून आल्या आणि सरळ मला विचारले, "पडंल का काय ते?"

"पडू शकेल."

"मग सकाळपासनं काय गप्पा मारायलात? ड्रम आणा, घागरी आणा. वरचं पाणी काढा आधी."

पाणी वाया गेले नाही, एवढे खरे. हौद भरले, ड्रम भरले, आणि उरलेले बायकांनी घागरींनी वाहून छावणीच्या दुसऱ्या टोकाच्या जुन्या हौदात नेऊन ओतले. डोक्यावर पाणी वाहणे चुकावे म्हणून तर टाकी उंचावर बसवली होती. त्या बायका माझ्यासमोरून जात आणि एकीनेही मला काही म्हटले नाही. काही जणींनी तर पदर सावरून वाट दिली. मी एक घागर उचलायला वाकलो तर सचिवाने ती माझ्या हातून काढून घेतली.

टाकी उतरल्यावर मावशींनी हातोडा घेतला. तिरक्या पट्टीच्या जोडावर पहिला घाव घातला, कान लावल्यासारखी मान कलती केली, आणि दुसरा घातला. पट्टी सुटून लोंबू लागली. माणसे पुढे सरकली. मागे कुणीतरी हसले आणि दुसऱ्याने त्याला दाबले, "बे, गप की. गुरुजी हायेत."

मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आमच्या गाडीला असला जोड मारला असता, तर आमी कारखान्याच्या आदी दवाखान्यात पोचलो असतो." मग उरलेल्या जोडांकडे वळल्या. बरेच सुटले. जे सुटले त्यांत वाकून पाहायची मला गरज नव्हती, पण मी पाहिले. प्रत्येकात चरे होते.

नवे मशीन खांद्याला अडकवून माळावर आणता आले, हा त्याचा खरा फायदा त्या दिवशी कळला. जुने तिथवर नेणे शक्यच नव्हते. छावणीच्या मीटरवरून वायर ओढली. या वेळी मी रीतसर काम केले. अँगलच्या कडा कानशीने घासून तिरप्या केल्या, दोहोंमध्ये रॉड आत पोचेल एवढी फट ठेवली, आणि छावणीतल्याच अँगलचे टाकाऊ तुकडे जोडून, ते तुटेपर्यंत ठोकून, आकडा पायरीपायरीने वर नेला. ज्या आकड्यावर जोड वाकला पण तुटला नाही, तो घेतला. ठिणग्या उडाल्या, जोडाची रेघ रुंद आणि खडबडीत झाली. ग्राइंडर मी घरीच ठेवला होता.

काम चालू असताना सचिव शेजारी उकिडवा बसून होता. मी काच वर केली तेव्हा तो हसत म्हणाला, "गुरुजी, ह्ये जरा माझ्या अक्षरावानी झालंय. सातवीत तुमी माझी विज्ञानाची वही बाकाखाली फेकलती, आठवतंय का? उत्तरं समदी बरोबर होती."

मला आठवत नव्हते. तेवढेच मी म्हणालो, आणि काच पुन्हा खाली ओढली. काचेआड माणसाचा चेहरा दिसत नाही, ही एक सोय आहे.

जोड गार झाले तेव्हा हातोडा मीच मावशींपुढे धरला. त्यांनी या वेळी पदर खोचला आणि एकही जोड सोडला नाही. माळावर तो आवाज बराच वेळ घुमत राहिला आणि सारी छावणी उभी राहून ऐकत होती. काही सुटले नाही.

"झालं का?" मी विचारले.

"ऱ्हाईल." त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. "दिसाया काय बरं न्हाई."

टाकी वर चढली, आणि पुढचा टँकर येईपर्यंत ती रिकामीच होती. तेवढा काळ बायकांनी घागरींनीच म्हशी पाजल्या. मी रोज जात होतो आणि खुर्ची नाकारत होतो. ती तरीही मांडली जात होती.

आता प्रश्नाकडे. माझा पहिला प्रयोग मुळातच सदोष होता, कारण मी मशीनही बदलले आणि करंटही, आणि दोष कोणाचा हे ठरवण्याचा हक्क गमावला. तुलना करताना एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या साऱ्या तशाच ठेवाव्यात, असे मी विज्ञानाच्या तासाला दरवर्षी सांगत होतो. नंतर मी नव्या मशीनवर आकडा वाढवून तसाच जोड मारला. तो जुन्याइतकाच दुमडला, आणि तुटला नाही. म्हणून माझे उत्तर असे: नवे मशीन जोड पक्का करत नाही आणि कच्चाही करत नाही. ते हाताला सोपे करते, आणि सोपे झाले की सूचना मिळेनाशा होतात. ज्याला त्या सूचनांची सवय आहे त्याने त्यांच्या जागी दुसरे काही ठेवले पाहिजे. मी हातोडा ठेवला आहे. शाळेची सारी बाके मी त्यानंतर ठोकून पाहिली. पातळ पाइपची होती, म्हणून टिकली. ते माझे कौशल्य नव्हते.

पण हे सारे एका छंदिष्टाच्या अंगणातले निष्कर्ष आहेत, आणि कोणी सांगितले यावरून जोड पक्का ठरवण्याची सवय किती महाग पडते ते वर आलेच आहे. म्हणून विनंती एवढीच. तुमच्या कामाला लागते त्याच जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे कापा, तुमच्या नेहमीच्या आकड्यावर जोडा, पूर्ण गार होऊ द्या, डोळ्यांना चष्मा लावून व्हाइसमध्ये धरा आणि तुटेपर्यंत किंवा दुमडेपर्यंत ठोका. तुटला तर आत पाहा, करवतीचे चरे दिसतात का. माझ्या सांगण्यावर राहू नका. स्वतः तपासून पाहा.